तिघांच्या तोंडी एकच नाव

बीदरच्या नव्या वस्तीतल्या तिसऱ्या गल्लीत गुंडेराव राहतात. त्यांना काहीही सांगा, ते आधी तुमचेच शब्द परत म्हणून दाखवतात आणि मग तिसऱ्याच कुणाच्या तरी तोंडाकडं बघतात. भाजीवाली म्हणते, "आज मेथी न्हाई." गुंडेराव म्हणतात, "आज मेथी न्हाई." मग शेजारी जो उभा असेल त्याला विचारतात, "बरोबर?" त्यानं मान हलवली की मगच पुढं सरकतात. गल्लीतली पोरंसोरं याची नक्कल करतात. मोठी माणसं म्हणतात, कानानं अधू आहेत, चालायचंच.

कान गेलेत हे खरं आहे. डावा पुरता गेला, उजवा अर्धा. लेक मंगल कडगंचीला विद्यापीठाच्या ऑफिसात नोकरीला आहे, तिनं कानातलं यंत्र आणून दिलं. महागातलं, नखाएवढं. गुंडेरावांनी ते दोन दिवस लावलं आणि कपाटाच्या खणात टाकलं. त्यांच्या घरावरून रोज सकाळी शिकाऊ वैमानिकांची विमानं जातात, आणि यंत्र लावलं की तो आवाज थेट मेंदूत घुसतो. तीस वर्षं ऐकला, आता पुरे, असं त्यांचं म्हणणं. बायको चांगुणाबाई म्हणतात, विमानाचं निमित्त आहे, माझं बोलणं ऐकायचं नाही म्हणून काढलंय. त्यातही थोडं तथ्य असावं.

पण ती परत म्हणण्याची खोड कानामुळं लागलेली नाही. ती नोकरीतली.

गुंडेराव खजुरी गावचे. एकोणिसाव्या वर्षी हवाई दलात लागले आणि विमानाच्या पंखाखाली बॉम्ब चढवणाऱ्या टोळीत पडले. तिथं एक रीत होती. बॉम्बच्या अंगावर लिहिलेलं नाव पहिल्यानं मोठ्यानं वाचायचं. दुसऱ्यानं ते तसंच परत म्हणायचं. तिसऱ्यानं हातातल्या कागदाशी ताडून पुन्हा म्हणायचं. तिघांच्या तोंडी एकच नाव आलं तर काम पुढं. एकाच्याही तोंडून वेगळं आलं तर सगळ्यांनी हात मागं घ्यायचे, मग खाली उभा असलेला अधिकारी कितीही बोंबलो. तीस वर्षांत गुंडेरावांनी वेगळं नाव एकदाही पुढं जाऊ दिलं नाही. या गोष्टीचा त्यांना जितका अभिमान होता तितका पदकांचाही नव्हता.

बाकीचे ती नावं पोपटासारखी पाठ करत. गुंडेरावांना अर्थ लागायचा. पहिल्या पगारातून त्यांनी इंग्रजी शब्दकोश घेतला होता. सुट्टीवर आले की चांगुणाबाईंना चुलीपुढं बसून सांगायचे. जनरल पर्पज म्हणजे सरसकट कामाचा, भिंत असो की माणूस. डंब म्हणजे मुका, ज्याला सोडला की काही सांगता येत नाही, पडेल तिथं पडतो. स्मार्ट म्हणजे शहाणा, दाखवलेलं घर शोधत जातो. निळ्या पट्ट्याचा सरावाचा, पिवळ्या पट्ट्याचा जिवंत. एक होता त्याचं नाव फुलं छाटणारा, कारण तो जमिनीच्या जरासा वर फुटून आडवं सगळं कापत जातो. एकाला घाणेरडा म्हणत. "म्हंजे बाकीचे काय धुतल्या तांदळाचे हाईत व्हय?" असं चांगुणाबाईंनी विचारलं होतं, आणि गुंडेरावांनी हे वाक्य पुढं आयुष्यभर नव्या पोरांना शिकवताना वापरलं, बायकोचं नाव न घेता.

निवृत्त झाल्यावर ही विद्या कुणाच्या कामाची नव्हती. भाजीबाजारात तिला कोण विचारतो! ती कामाला आली ती परवाच्या दिवाळीनंतर, आणि आली नसती तर फार बरं झालं असतं.

शेजारच्या घरात सिद्धम्मा राहते. तीही खजुरीचीच, लिंगायताघरची सून. नवरा लवकर गेला. ज्वारीच्या कडक भाकरी करून ती खानावळींना पुरवते, पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. तिच्या सासऱ्यांच्या दारात गुंडेरावांचे वडील ओंजळीत वरून पाणी घेत. ही गोष्ट दोन्ही घरांना ठाऊक होती आणि कुणीच काढत नव्हतं. सिद्धम्मा गुंडेरावांना अण्णा म्हणायची, त्यांच्या कपानं चहा प्यायची, आणि कागद कसलाही आला की आधी त्यांच्याकडं आणायची.

तिचा एकुलता एक किरणकुमार फरशी बसवण्यात पटाईत. शहाबादी असो की गुळगुळीत नवी, त्यानं बसवलेल्या फरशीवर पाणी ओतलं तर ते बरोबर मोरीकडंच जायचं. तो परदेशी कामावर गेला. वर्षभर बरं चाललं. मग दिवाळी झाली आणि त्या देशात लढाई पेटली. देशाचं नाव टीव्हीवाले दिवसाकाठी हजारदा घेत होते, इथं नाही घेतलं तरी चालेल.

साडेसहा वाजले की सिद्धम्मा येऊन गुंडेरावांच्या टीव्हीसमोर बसायची. स्वतःच्या घरी एकटीनं बघायचं धाडस नव्हतं. टीव्हीवरचा कोटवाला माणूस बॉम्बची नावं अशा थाटात घ्यायचा, जणू लग्नात आहेर पुकारतोय. मेल्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नसे. नाव आलं की सिद्धम्मा गुंडेरावांच्या उजव्या कानाशी वाकून ओरडायची, "अण्णा, ह्यो कंचा? काय अर्थ त्याचा?"

आणि गुंडेराव सांगायचे. बंकर बस्टर आला तेव्हा म्हणाले, "तळघरं फोडणारा. खोल जमिनीत जातो. वर काम करणाऱ्या माणसाशी त्याला काय करायचंय?" शहाणा आला तेव्हा म्हणाले, "फौजेच्या ठाण्यावर जातो, बिगाऱ्याच्या खोलीवर कामून यील?" ही सगळी उत्तरं अर्धी खरी होती. गुंडेरावांना ते समजत होतं. पण ऐकताना त्या बाईच्या खांद्यांवरचं ओझं थोडं खाली येताना दिसायचं, आणि मग उरलेलं अर्धं तोंडातच राहायचं.

एकदा कोटवाल्यानं जपानवर पडलेल्या जुन्या बॉम्बची गोष्ट काढली. सिद्धम्मानं अर्थ विचारला. गुंडेराव बेसावध होते. म्हणाले, "त्याचं नाव बारकं पोरगं."

सिद्धम्मा त्यांच्याकडं बघतच राहिली. "पोरगं? बॉम्बाला पोराचं नाव? कुणी ठेवलं, अण्णा? त्याला आई नव्हती व्हय?"

चांगुणाबाईंनी टीव्ही बंद केला.

नवव्या दिवशी क्लस्टर आला. पडद्यावर काळ्या आभाळातून ठिणग्यांचा सडा खाली येत होता. सिद्धम्मानं दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. भाकरी थापताना तिला भोवळ आली होती आणि मनगट तव्यावर टेकून भाजलं होतं. त्यावर चांगुणाबाईंनी हळद लावली होती. ती भाजलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. "अण्णा, ह्यो?"

गुंडेरावांना या नावाचं सगळं ठाऊक होतं. शिकवणाऱ्या वस्तादानं टेबलावर एक रिकामा ठेवून दाखवला होता, डाळिंबाएवढा, मागं कापडाची पट्टी. तो म्हणाला होता, पोरांनो, याचं नाव घोस. मोठी पेटी वर उघडते आणि आतले शेकडो खाली जातात. शेकड्यातले काही फुटत नाहीत. ते गवतात, छपरावर, पडलेल्या भिंतीत झोपून राहतात. लढाई संपते, फौजा घरी जातात, आणि मग त्यांना उठवतात ती पोरं, गुराखी आणि मलबा उचलणारे मजूर.

हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं. समोर ती हळद लावलेली बाई होती.

"घोस," ते म्हणाले. "द्राक्षाचा असतो तसा. वर उघडतो, बारके बारके खाली येतात. फुटले की संपलं. मागं राहत काही न्हाई."

"मागं राहत काही न्हाई?"

"न्हाई."

सिद्धम्मानं चांगुणाबाईंकडं बघितलं. चांगुणाबाई म्हणाल्या, "अण्णा म्हणायलेत म्हंजे न्हाईच राहत."

तिघांच्या तोंडी एकच आलं. गुंडेरावांच्या हे ध्यानात आलं. आयुष्यात पहिल्यांदा चुकीचं नाव त्यांच्या हातून पुढं गेलं होतं. पण सिद्धम्मानं त्या संध्याकाळी वरणात कुस्करून दोन भाकरी खाल्ल्या, आणि ताट बघून गुंडेरावांना वाटलं, असू दे. बाई जगली पाहिजे आधी.

बाराव्या दिवशी लढाई थांबली. किरणचा फोन आला, सुखरूप आहे म्हणून. सिद्धम्मानं गूळ घालून गव्हाची हुग्गी शिजवली आणि सगळ्या गल्लीत वाटली. कंपनी म्हणत होती, ज्याला जायचंय त्यानं जा, जो राहील त्याला काम भरपूर, पडलेली घरं पुन्हा उभी करायचीत. सिद्धम्मानं विचारलं, बोलावू का त्याला? गुंडेराव म्हणाले, "आता थांबलंय की सगळं." हे वाक्य खोटं नव्हतं. त्यांनी ते स्वतःला पुढं कितीदा तरी सांगून बघितलं.

नंतर दोन दिवस गुंडेराव आणि चांगुणाबाई मंगलकडं कडगंचीला गेले. परत आले तेव्हा गल्लीत माणसं उभी होती.

किरणकुमार आठवड्यानं हैदराबादच्या विमानतळावर उतरला तो पेटीत. पेटी पक्की बंद केलेली, वर शिक्के, उघडायची नाही असं लिहिलेलं. कामावर स्फोट झाला, एवढंच कंपनीनं कळवलं होतं. तिथून गाडीनं खजुरीला नेला. लिंगायतांत मेलेल्याला बसवून पुरतात, मांडी घालून, हातात लिंग देऊन. खड्डाही तसाच खणला होता, खोल, आत बसायला कोनाडा. पेटी त्यात मावेना. गावच्या स्वामींनी बराच वेळ विचार केला आणि शेजारी दुसरा लांब खड्डा खणायला सांगितला.

"त्याला बसवा की," सिद्धम्मा म्हणत राहिली. "आडवा कामून निजवायलात? बसवा की माझ्या लेकराला."

पेटी का उघडत नाहीत हे तिथं एकट्या गुंडेरावांना ठाऊक होतं. आत बसवण्याजोगं काही उरलेलं नसणार. ते कडुनिंबाखाली उभे राहिले आणि घसा दुखेपर्यंत रडले. जवान होते तेव्हाही असे रडले नव्हते.

सिद्धम्मा दीड महिना खजुरीला राहिली आणि पौषातल्या थंडीत बीदरला परत आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं भिंतीवरून चांगुणाबाईंना सांगितलं, संध्याकाळी येते, अण्णाकडं काम आहे.

गुंडेराव दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. ती काय विचारणार हे त्यांना समजलं होतं. दुपारी चांगुणाबाई पडल्या होत्या तेव्हा त्यांनी खणातून ते यंत्र काढलं, उजव्या कानात बसवलं आणि वरून लोकरीची कानटोपी घातली. आज त्या बाईचा शब्दही चुकवायचा नाही, तिला दोनदा बोलायला लावायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

ती बरोबर साडेसहाला आली. टीव्ही बंदच होता. तिनं पिशवीतून कंपनीचा कागद काढून पुढं ठेवला. "अण्णा, खजुरीत कुणालाबी नीट वाचता यीना. किरण कशानं गेला त्याचं नाव हाय म्हणं ह्यात. अर्थ सांगा."

कागद इंग्रजीत होता. दुसऱ्या ओळीतच ते नाव होतं. गुंडेरावांनी ते मोठ्यानं वाचलं. मग चष्मा काढला.

"ह्यो त्योच, अक्का. घोस. मी सांगितलो होतो त्यो. त्यातला एक फुटला नव्हता. मलब्यात पडून होता."

"तुमी तर म्हणला, मागं राहत न्हाई."

"राहतात," गुंडेराव म्हणाले. "दरवेळेला राहतात. मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो, अक्का."

चांगुणाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनाही हे आत्ताच समजत होतं. सिद्धम्मानं कागदाची घडी घातली. तिच्या मनगटावर भाजल्याचा काळा डाग तसाच होता.

"मला जेवण जावं म्हणून बोलला," ती शेवटी म्हणाली. ती विचारत नव्हती. "जेवले मी त्या दिवशी."

मग तिनं फोन काढला. एक फोटो दाखवला. फुटलेल्या विटांमध्ये डाळिंबाएवढी वस्तू, मागं मळकी पट्टी. किरणनं काम चालू असताना आईला पाठवला होता, गुंडेरावकाकांना दाखव, हे बॉम्बातलं तर नव्हे विचार, म्हणून.

गुंडेरावांनी चष्मा पुन्हा चढवला आणि फोन हातात घेतला. "हे... हे मला कामून दाखवलं न्हाई, अक्का?"

"तुमी कडगंचीला होता. फोन लावावा तर तुमाला फोनवर ऐकू यीत न्हाई, वैनीकडं फोन न्हाई. मंगलचा नंबर माझ्याकडं न्हवता. तिकडं मुकादम खोळंबलेला. मग मीच सांगितले." तिनं बोट लावलं आणि फोनमधून तिचाच आवाज आला, खणखणीत, सुखाच्या दिवसांतला. 'किरण, त्याला भिऊ नको रे. अण्णांनी सांगितलंय, फुटले की संपलं, मागं राहत काही न्हाई.'

शब्दाला शब्द होता. तिनं काहीच बदललं नव्हतं. ऐकलेलं जसंच्या तसं पुढच्याला सांगायचं, ही रीत तिनं गुंडेरावांपेक्षाही चोख पाळली होती. कानात जे यंत्र आज होतं ते त्या दिवशी असतं, तर तिनं त्यांनाच फोन लावला असता.

"त्याच्यानंतर त्याचा एकच निरोप आला," सिद्धम्मा म्हणाली. "शेवटचा. त्यात तुमचं नाव हाय. तुमाला ऐकवायचं राहिलं होतं."

तिचं बोट पडद्यावर थोडं थांबलं. मग तिनं लावलं. किरणचा आवाज आला. मागं घण मारल्याचे आवाज होते, कुणीतरी हसत होतं.

'बरं अव्वा. काकांना सांग, त्यांच्यामुळं भ्या गेलं बघ. आता हे उचलून बाजूला ठेवतो आन कामाला लागतो.'

कानटोपीखालच्या यंत्रानं एकही अक्षर गाळलं नाही. गुंडेराव हलले नाहीत. जसे रोज बसत तसे, न ऐकू आल्यासारखे, तोंड जरासं उघडं ठेवून सिद्धम्माकडं बघत राहिले, कारण दुसरं काय करावं हे त्यांना सुचलं नाही.

सिद्धम्मानं त्यांच्याकडं बघितलं. त्या पिकल्या मिशांकडं, लोकरीच्या कानटोपीकडं. मग ती नेहमीसारखी वाकली, उजव्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं ओरडली, "म्हणायलाय, काकांना इचारलो म्हणून सांग. जेवले का इचार, म्हणायलाय."

गुंडेरावांनी सवयीनं तिसऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. चांगुणाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मग काढला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "जेवले का, म्हणला."

आता पाळी गुंडेरावांची होती. दोघीजणी त्यांच्याकडं बघत थांबल्या होत्या. त्यांनी कानटोपी खाली ओढून घेतली.

"जेवले का, म्हणला," ते म्हणाले. "जेवलो म्हणावं."